गल्लीचा क्रमांक आणि तेलाचा अंक

कोल्हापूरची राजारामपुरी छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२ ते १९४०) आकाराला आली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. जुन्या शहरातील पेठांची नावे वारांवरून पडली होती. या नव्या वसाहतीतील गल्ल्यांना मात्र आकडे मिळाले. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असे करत करत चौदावीपर्यंत. येथे राहणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ शिकवावा लागत नाही. आठवी गल्ली चौथीच्या दुप्पट लांब नसते आणि दुप्पट रुंदही नसते. आकडा केवळ क्रम सांगतो, आणि तोही राजारामपुरीच्या हद्दीपुरता. शाहूपुरीतही गल्ल्यांना क्रमांक आहेत. पण शाहूपुरीची तिसरी गल्ली आणि राजारामपुरीची तिसरी गल्ली यांचे एकमेकींशी काही नाते आहे, असे कोल्हापुरातले शाळकरी पोरही मानणार नाही.

हीच समजूत माणूस तेलाची बाटली हातात घेताच गमावून बसतो, असे आम्हांस दिसते. प्रस्तुत लेखाचा विषय आहे डोंगरी सायकलीच्या पुढच्या चिमट्यात घालावयाचे तेल. साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक ज्या पानावर येतात तेथे हा विषय आणल्याबद्दल कोणी भुवया उंचावतील, तर त्यांना इतकेच सांगतो की बाटलीवरचा अंक हाही एक मजकूर आहे. त्याला इतिहास आहे, त्यात अर्थांतरे झाली आहेत, आणि तो चुकीचा वाचला तर घाटउतारावर माणूस पडू शकतो. पाठ चुकीचा लावल्याची इतकी रोकडी शिक्षा आपल्या क्षेत्रात क्वचितच होते. राजारामपुरीला लागूनच शिवाजी उद्यमनगर आहे, म्हणजे तेल आणि लोखंड यांच्याशी ज्यांचे रोजचे बोलणे आहे अशी वस्ती शेजारीच आहे. आणि पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा या वाटा सायकलस्वारांना खुणावण्याइतक्या जवळ आहेत. तेव्हा हा प्रश्न येथूनच विचारणे सोयीचे.

१

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘तेल’ हा शब्द ‘तैल’वरून आणि ‘तैल’ हा तिळावरून आला. इंग्रजीतल्या ‘ऑइल’चे मूळ ऑलिव्हच्या फळाशी जाते. म्हणजे दोन्हीकडे एका विशिष्ट बीफळाचे नाव पुढे सगळ्याच तेलांचे झाले. संस्कृतात याच पदार्थाला ‘स्नेह’ म्हणतात. आयुर्वेदाने तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह मानले, आणि त्याच शब्दाने माणसामाणसांतील ओलावाही सांगितला. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासू नयेत यासाठी मधे जे येते ते स्नेह, ही कल्पना यंत्रशास्त्राच्या फार आधीची आहे.

मराठीने यासाठी ‘वंगण’ हा आपला शब्द घडवला. बैलगाडीच्या आसाला वंगण, मोटेच्या चाकाला वंगण. एरंडेल त्यासाठी विशेष मोलाचे. कारण ते दाट असते आणि धातूला चिकटून राहते. पुढे याच एरंडाने मोठा प्रवास केला. इंग्लंडमधील चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली जे मोटारतेल बाजारात आणले त्याचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले, आणि पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती इंजिने एरंडेलावर चालत. मराठीत एरंडाच्या वाट्याला ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ ही हेटाळणी तेवढी आली. असो.

‘वंगण’ या शब्दाने मात्र मराठी मनात तेलाचे एकच काम ठसवले : अडथळा कमी करणे. लाच देण्यालाही आपण ‘वंगण घालणे’ म्हणतो ते त्यामुळेच. तेलाचे याच्या नेमके उलट असे दुसरे काम आहे, ते म्हणजे अडथळा निर्माण करणे. हेलकावणारी वस्तू आवरायची असेल, धक्का जिरवायचा असेल, तर तेलाला बारीक छिद्रांतून जाण्यास भाग पाडतात. तेल सहजी जात नाही, ते विरोध करते, आणि त्या झटापटीत धक्क्याची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. शास्त्रीय परिभाषेत याला ‘अवमंदन’ असा शब्द आहे. पण गॅरेजमध्ये तो कधी पोहोचला नाही. तेथे ‘शॉकअप’ आहे, म्हणजे वस्तूचे नाव आहे, क्रियेचे नाही. सायकलीच्या चिमट्यात ही दोन्ही परस्परविरोधी कामे हातभर अंतरात चालतात. त्यांना वेगवेगळी नावे नसल्यामुळे ‘चिमट्यात कोणते तेल घालू?’ असा एकच प्रश्न विचारला जातो. वास्तविक ते दोन प्रश्न आहेत.

२

मराठी मुलखाच्या उद्योगेतिहासात सायकलीला एक मानाचे पान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९ ते १९५६) यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला. तेथून लोखंडी नांगर आले, १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी आली आणि त्या वाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांनी मराठी वाचकवर्ग घडवण्यात जो वाटा उचलला तो आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आम्हांस येथे एवढेच नोंदवायचे आहे की मराठी नियतकालिकांच्या एका मोठ्या घराण्याचा मूळपुरुष सायकलीची साखळी तेलात बुडवणारा होता. यंत्र आणि वाङ्मय यांच्यात आज जे अंतर मानले जाते ते त्या पिढीने मानले नव्हते.

कोल्हापूरची कथा याच सुमाराच्या पुढच्या पिढ्यांची आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे येथील उद्योगाच्या इतिहासात आदराने घेतली जातात. ओतकाम, पंप, ऑइल इंजिन यांनी हे शहर नावारूपाला आले. मोटेची कुरकुर थांबली आणि विहिरीवर इंजिनाचा ठोका सुरू झाला. या कारागिरांना तेलाचा दाटपणा बोटांनी कळे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब घेऊन तो ताणून पाहायचा, ही त्यांची प्रयोगशाळा. कोल्हापूरकरांना हे नवे नव्हते, कारण गुऱ्हाळावरचा गुळव्या पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आला आहे. काहिलीतला रस किती आटला हे तो उकळीच्या रूपावरून आणि थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून ठरवतो. काही क्षण इकडे तिकडे झाले की गूळ बिघडतो.

गुळव्याचे हे ज्ञान खरे असते, पण ते त्याच्या बोटांबरोबर राहते. पलीकडच्या गावाला पत्राने ते कळवता येत नाही. कळवायचे तर अंक लागतो, आणि येथून आमच्या कथेचा गुंता सुरू होतो.

३

द्रवाच्या अंगभूत विरोधाविषयी न्यूटनने १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’त एक गृहीतक मांडले : द्रवाचे थर एकमेकांपासून ज्या वेगाने सरकतात, त्या वेगाच्या प्रमाणात विरोध होतो. आज ज्याला आपण श्यानता म्हणतो तिचे हे बीज. तिचे काटेकोर मोजमाप मात्र एका वैद्याच्या हातून झाले. पॅरिसच्या प्वाझय यांना शरीरातील रक्ताच्या वहनाविषयी कुतूहल होते. त्यासाठी त्यांनी १८३० आणि १८४० च्या दशकांत अतिशय बारीक काचनळ्यांतून द्रव वाहवून पाहिले. त्यांच्या नावाने ‘पॉइज’ हे एकक आले आणि केंब्रिजचे गणिती स्टोक्स यांच्या नावाने ‘स्टोक’. आजही तेलाचा दाटपणा सेंटीस्टोकमध्ये सांगतात. खोलीच्या तपमानाला पाण्याचा दाटपणा साधारण १ सेंटीस्टोक असतो. चिमट्याच्या अवमंदनासाठीचे हलके तेल ४० अंश सेल्सिअसला पंधरा-वीसच्या आसपास असते, तर एरंडेल त्याच तपमानाला अडीचशेच्या घरात. हे अंक मापाचे अंक आहेत. वीस हे खरोखर दहाच्या दुप्पट असतात. प्रयोगशाळा कोल्हापूरची असो वा कोलोनची, उत्तर तेच यावे लागते.

व्यापाराला मात्र एवढा काटेकोरपणा नको होता. अमेरिकेतील तेलधंद्यात सेबोल्ट यांचे उपकरण रूढ झाले. ठरावीक छिद्रातून ६० मिलिलिटर तेल गळायला किती सेकंद लागतात, तो त्या तेलाचा अंक. कल्पना सुटसुटीत आहे. आपल्या घटिकापात्राची ती दूरची बहीण म्हणता येईल. पुढे १९०५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ साली इंजिन तेलांसाठी पहिले मानक काढले आणि त्यातून कालांतराने १०, २०, ३०, ४० अशा श्रेणी रूढ झाल्या. येथे राजारामपुरीच्या गल्ल्या आठवाव्यात. ३० हा अंक कोणत्याही मापाचा नाही. तो एका कप्प्याचे नाव आहे. १०० अंश सेल्सिअसला ज्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या मधे पडतो, ते एसएई ३०. चाळिसाचा कप्पा त्याच्या पुढचा, एवढेच.

मग थंडीचा प्रश्न आला. हिमप्रदेशात सकाळी इंजिन फिरेनासे होई. म्हणून कडाक्याच्या थंडीत तेल किती आखडते हे पाहणारी दुसरी श्रेणी करण्यात आली, आणि तिच्या अंकापुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर आले. ते ‘विंटर’ या शब्दाचे आद्याक्षर, म्हणजे हिवाळा. पण इंग्रजी बोलीत तेलाच्या दाटपणाला ‘वेट’, म्हणजे वजन, म्हणण्याचा प्रघात होताच. ‘तीस वजनाचे तेल’ असे मिस्त्री म्हणत. दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एक. त्यामुळे हिवाळ्याचा ‘डब्ल्यू’ लोकांनी वजनाचा म्हणून वाचला आणि बाटल्यांवर ‘५ डब्ल्यू’ व ‘५ वेट’ हे एकमेकांच्या जागी छापले जाऊ लागले. वस्तुतः यात वजनाचा संबंध कोठेच नाही. गंजलेल्या नटावर फवारण्यासाठी घरोघरी असलेल्या, १९५३ सालच्या ‘डब्ल्यूडी-४०’मधला ‘डब्ल्यू’ तर आणखी तिसराच, तो पाण्याचा आहे : पाणी हुसकावणारे द्रावण, चाळिसावा प्रयत्न. एकाच अक्षराचे हे तीन अर्थ ज्याने वेगळे ठेवले नाहीत, तो दुकानातून चुकीची बाटली घेऊन येणारच.

गुंता येथेही संपत नाही. याच संस्थेने गिअरच्या तेलांना वेगळी श्रेणी दिली. गिअरचे ९० नंबरी तेल इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरी तेलाइतकेच दाट असते. एकाच संस्थेच्या घरात दोन क्रमांकमाला, जणू एकाच नगरपालिकेची शाहूपुरी आणि राजारामपुरी.

४

आता सायकलीकडे वळू. मोटरसायकलीच्या पुढच्या चिमट्यात तेलाने धक्का जिरवण्याची योजना उत्पादनात आणण्याचे श्रेय १९३५ सालच्या बीएमडब्ल्यू आर-१२ या गाडीला देतात. डोंगरी सायकल फार उशिरा आली. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरउतारावरून भरधाव सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी जी पहिली शर्यत घेतली तिचे नाव ‘रिपॅक’. या नावात वंगणाची गोष्ट दडलेली आहे. त्या सायकलींना पायडल उलटे दाबून लागणारे ब्रेक असत. ते मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेले. उतारावर ते इतके तापत की आतल्या ग्रीसची वाफ होऊन जाई आणि प्रत्येक खेपेनंतर तुंबा उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. ‘रिपॅक’ म्हणजे हे पुन्हा भरणे. एका क्रीडाप्रकाराच्या आरंभीच्या शर्यतीला वंगणाने नाव द्यावे, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

तरीही पुढची १२-१३ वर्षे या सायकलींचा चिमटा कडकच होता. धक्के स्वाराच्या मनगटांनीच सोसायचे. १९८९ साली पॉल टर्नर आणि स्टीव्ह सिमन्स या मोटरसायकलींच्या जगातून आलेल्या दोघांनी रॉकशॉक्स ही कंपनी काढली. त्यांच्या आरएस-१ या चिमट्यात हवेची स्प्रिंग होती आणि अवमंदनाला तेल होते. १९९० साली अमेरिकेतील ड्युरँगो येथे डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि उतारशर्यतीतील विजेता ग्रेग हर्बोल्ड हाच चिमटा लावून उतरला होता. येथून तेल सायकलीच्या अंगात शिरले. विद्या मोटरसायकलीची, माणसे मोटरसायकलीची. साहजिकच तेलाच्या बाटलीवरचे अंकही मोटरसायकलीच्या दुकानातूनच आले.

आणि ते अंक तर कोणत्याच मानकाला बांधलेले नव्हते. चिमट्याच्या तेलासाठी एसएईची श्रेणी नाही. त्यामुळे प्रत्येक उत्पादकाने आपल्यापुरती मालिका केली : सर्वांत पातळ ते अडीच किंवा पाच, मग साडेसात, दहा, पंधरा. एका कंपनीच्या मालिकेत क्रम ठीक असतो, पाचापेक्षा दहा दाट. पण एका कंपनीचे पाच आणि दुसरीचे पाच यांत ४० अंशांना पंधरा-सोळा सेंटीस्टोकपासून थेट पंचविसाच्या पुढपर्यंत अंतर आढळते. म्हणजे एकीचे पाच दुसरीच्या साडेसाताहून दाट असू शकते. काही अमेरिकन बाटल्यांवर ‘१२५/१५०’ असा अंक असतो. त्यातला पहिला सेबोल्टच्या सेकंदांचा, दुसरा ज्याविषयी पुढे लिहीत आहोत त्या निर्देशांकाचा. तो दिसायला विचित्र, पण अधिक प्रामाणिक आहे, कारण त्याने काय मोजले ते सांगता येते.

या गोंधळाचे सर्वांत बोलके उदाहरण पुढीलप्रमाणे. रॉकशॉक्सच्या अनेक चिमट्यांत अवमंदनाच्या भागासाठी ५ वेटचे तेल आणि खालच्या नळ्यांतील वंगणासाठी ०डब्ल्यू-३० असे तेल सांगितलेले असते. अंक पाहणारा म्हणेल, शून्य हे पाचापेक्षा पातळ. प्रत्यक्षात ०डब्ल्यू-३० हे इंजिन तेल ४० अंशांना ५ वेटच्या तेलाहून दुप्पट-तिप्पट दाट असते. शून्य हे कडाक्याच्या थंडीतल्या कप्प्याचे नाव, तीस हे तापलेल्या इंजिनातल्या कप्प्याचे आणि पाच हे तिसऱ्याच गावच्या गल्लीचे. तिघांची तुलनाच होत नाही. ज्याने ती केली आणि दोन्ही तेलांची अदलाबदल केली, त्याचा चिमटा दगडाखालून दगड येताच आखडून बसेल.

५

आखडतो म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. चिमट्याच्या वरच्या नळ्या खालच्या नळ्यांत सरकतात. स्प्रिंग, मग ती लोखंडी असो वा हवेची, धक्का साठवते आणि परत करते. एकटी स्प्रिंग असेल तर सायकल झोके खात राहील. अवमंदनाच्या भागात दांड्याला बसवलेला दट्ट्या तेलातून वरखाली होतो, तेल त्याच्या छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या फटींतून जाते, आणि परतीचा वेग आटोक्यात राहतो. तेल फार पातळ असेल तर चिमटा उसळून परत येतो, चाक जमीन सोडते आणि हँडल हातात नाचू लागते. फार दाट असेल तर पहिल्या दगडाने दबलेला चिमटा दुसरा दगड येईपर्यंत वर येतच नाही. दर दगडाला तो थोडा थोडा खचत जातो, पुढचा भाग बसतो आणि स्वाराचे वजन हँडलवर येते. जांभ्याच्या कातळावरून उतरताना हे दोन्ही प्रकार सारखेच घातक आहेत.

यात एक बारकावा आहे. संथ हालचालीत तेल शिस्तीने वाहते आणि विरोध मुख्यतः श्यानतेवर ठरतो. अचानक जोराचा धक्का बसला की छिद्रांत खळबळ माजते. मग विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यात श्यानतेपेक्षा तेलाच्या घनतेचा वाटा मोठा होतो. तेल बदलून हळू हालचालींतला फरक चटकन जाणवतो, मोठ्या धक्क्यांतला तितका जाणवत नाही, त्याचे कारण हे. तेल ही सर्व दुखण्यांवरची मात्रा नव्हे.

दुसरी गोष्ट तपमानाची. साधे खनिज तेल ४० अंशांवरून २० अंशांवर आणले तर त्याचा दाटपणा दुपटीहून अधिक होतो. तपमानानुसार तेल किती स्वभाव बदलते हे सांगण्यासाठी डीन आणि डेव्हिस यांनी १९२९ साली ‘श्यानता निर्देशांक’ सुचवला. त्या काळची सर्वांत स्थिर तेले पेनसिल्व्हेनियाची, त्यांना १००. सर्वांत चंचल तेले मेक्सिकोच्या आखाताकाठची, त्यांना ०. पुढे शुद्धीकरण आणि मिश्रणविद्या इतकी सुधारली की चिमट्याची चांगली तेले शंभराच्या कितीतरी पुढे गेली. पैकीच्या पैकी गुणांहून अधिक गुण मिळावेत असा हा प्रकार. पण शंभर हे कमाल गुण नव्हतेच, ती फक्त १९२९ सालची एक खूण होती. कोल्हापुरात हिवाळ्याने तेल गोठण्याची भीती नाही. तरी पहाटेच्या गारव्यात निघून दुपारच्या उन्हात परतणाऱ्याला या निर्देशांकाचा उपयोग आहे, शिवाय उतारावर तेल स्वतःच्या झटापटीनेही तापते.

६

तर मग राजारामपुरीतल्या सायकलस्वाराने काय करावे?

प्रथम आपल्या चिमट्यात तेल आहे का, हे पाहावे. स्वस्त गिअरच्या सायकलींच्या बहुतेक चिमट्यांत केवळ लोखंडी स्प्रिंग आणि ग्रीस असते. १९९० च्या दशकात तर रबरासारख्या इलॅस्टोमरच्या गोळ्यांचे चिमटेही पुष्कळ होते. तेथे अवमंदनाचे तेल ओतण्याचा प्रश्नच येत नाही. तेल असेल तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : अवमंदनाला कोणते, आणि वंगणाला कोणते? चिमट्याच्या पुस्तिकेत दोन्हींची उत्तरे आणि मिलिलिटरांतले प्रमाण दिलेले असते. खालच्या नळ्यांत तेल अगदी थोडे, काही मिलिलिटरच लागते. जास्त ओतल्याने वंगण वाढत नाही, उलट आतल्या हवेला जागा कमी पडून चिमटा पुरता दबेनासा होतो.

पुस्तिकेतले तेल मिळाले तर उत्तम. ते मिळाले नाही तर बदली तेल शोधताना ‘पाच नंबर द्या’ असे म्हणू नये. मूळ तेलाचे ४० अंशांचे सेंटीस्टोक आणि श्यानता निर्देशांक उत्पादकाच्या माहितीपत्रकावर असतात. त्या दोन अंकांशी जुळणारी बाटली शोधावी. औद्योगिक तेलांच्या बाबतीत हे काम आधीच सोपे झाले आहे. १९७५ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तेलांच्या ज्या श्रेणी ठरवल्या त्यांत अंक हाच माप आहे. ३२ श्रेणीचे तेल म्हणजे ४० अंशांना ३२ सेंटीस्टोक, दहा टक्के इकडे वा तिकडे. उद्यमनगरातल्या यंत्रांवर हे अंक सर्वांच्या परिचयाचे आहेत. याचा अर्थ हायड्रॉलिक प्रेसचे कोणतेही तेल चिमट्यात चालेल असा नव्हे. फेस न होणे, निर्देशांक उंच असणे, ऑइल सीलच्या रबराशी जुळणे या अटी उरतातच. पण एकदा बोलणे सेंटीस्टोकमध्ये आले की परदेशी बाटलीवरच्या नावाची दहशत राहत नाही आणि कोल्हापूरच्या तेलविक्रेत्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते.

काही तेले मात्र कोणत्याही अंकाची असोत, वर्ज्य आहेत. स्वयंपाकाचे तेल हवेने आणि उष्णतेने चिकट होऊन साचते; जुन्या शिलाई यंत्रात गोडे तेल घातलेल्यांनी तो राळेसारखा थर पाहिला असेल. एरंडेलही, त्याच्या साऱ्या थोरवीसह, त्याच दोषाचे. ब्रेकचे डॉट वर्गातले तेल खनिज तेलासाठी केलेल्या सीलना फुगवते. पाणी हुसकावणारा फवारा हे वंगण नव्हे. तो सीलवर मारला तर आतले ग्रीस धुऊन जाते.

आणि पाऊस. कोल्हापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात लाल चिखल आणि पाणी सीलच्या ओठांवर सतत घासत असते. रॉकशॉक्सच्या पुस्तिका खालच्या नळ्यांचे तेल साधारण ५० तासांच्या वापरानंतर बदलावे असे सांगतात. गगनबावड्याच्या बाजूला जाणाऱ्याने त्याही आधी उघडून पाहावे. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, करडे आणि चकचकीत दिसले तर धातू झिजतो आहे. उत्तम तेल निवडून ते दोन पावसाळे तसेच ठेवण्यापेक्षा साधे तेल वेळेवर बदललेले केव्हाही बरे. काढलेले तेल गटारात जाऊ देऊ नये, कारण गटाराची वाट पंचगंगेकडे जाते.

७

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. गुळव्याच्या बोटात माप होते, पण अंक नव्हता. बाटलीवर अंक आला, पण तो एका मालिकेतून दुसरीत, एका देशातून दुसऱ्या देशात जाताना त्याचे माप मागे राहिले. नुसता अंक प्रवास करून आला आणि मापाचा मान घेऊन बसला. शब्दांच्या बाबतीत हे आपल्या परिचयाचे आहे. समीक्षेत कितीतरी संज्ञा अशाच आल्या आहेत : कोणी, कशासाठी, कशाच्या तुलनेत त्या योजल्या होत्या हे मागे राहिले, आणि आपण त्यांना वजन समजून वापरत राहिलो. ‘वास्तववाद’ हा शब्द एका समीक्षकाच्या लेखातून दुसऱ्याच्या लेखात जाताना तेवढाच राहतो की राजारामपुरीची तिसरी गल्ली सोडून शाहूपुरीची तिसरी होतो, हे वर्गात विचारण्यासारखे आहे.

चिमट्याचे तेल निवडणाऱ्याला शेवटी तीनच प्रश्न विचारायचे असतात : हा अंक कोणी दिला, कोणत्या तपमानाला मोजून दिला, आणि या तेलाने मला निसटू द्यायचे आहे की रोखायचे आहे? हे प्रश्न मराठीत, दुकानाच्या फळीपाशी उभे राहून, विचारता आले पाहिजेत. त्यासाठी ‘श्यानता’ आणि ‘अवमंदन’ हे शब्द कोशातून खाली उतरून उद्यमनगरापर्यंत गेले तर उत्तमच. नाही गेले तरी ‘दाटपणा’ आणि ‘आवर’ हे शब्द तेथे आहेतच. ते वापरून एखाद्या मिस्त्रीने आणि एखाद्या शिक्षकाने मिळून चार पानी मराठी पुस्तिका लिहिली, तर बेळगावच्या त्या सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेली यंत्र आणि अक्षर यांची सोयरीक आणखी एक पाऊल पुढे जाईल.